जोड्या लावा

दुपारचे अडीच वाजलेत. कोल्हापूरच्या पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर साठेक खुर्च्या आहेत आणि एकही रिकामी नाही. पंख्यांची घरघर सोडली तर आवाज नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात प्लायवूडचा तीन बाजूंचा आडोसा, त्यात चार्जिंगचा प्लग, पाण्याची बाटली, आडोशाला चिकटवलेलं वेळापत्रक आणि एखाद्याच्या टेबलावर शाहू महाराजांचा लहानसा फोटो. खुर्चीवरची उशी ज्याची त्यानं घरून आणलेली. सकाळी सातला आलेली ही मुलं-मुली रात्री दहाला उठतील. मध्ये मेसचा डबा आणि चहाची एक फेरी. आजची पिढी वाचत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हा जिना चढून यावं.

मी खरं तर खालच्या मजल्यावर पुस्तक बदलायला गेलो होतो. खाली ग्रंथपाल बाई, पेपर वाचत बसलेले दोन पेन्शनर आणि मी. 'वरच्या पोरांच्या फीवर आमचं लाइट बिल भागतंय बघा,' बाई म्हणाल्या, म्हणून वर डोकावलो. जिन्याजवळच्या टेबलावरच्या मुलानं जेवायला उठता उठता सरावाची प्रश्नपत्रिका उघडीच ठेवली होती. प्रश्न होता: जोड्या लावा. एका बाजूला स्वामी, मृत्युंजय, झोंबी, ययाति. दुसऱ्या बाजूला आनंद यादव, वि. स. खांडेकर, रणजित देसाई, शिवाजी सावंत. चारही रेघा बरोबर ओढलेल्या, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

मुलगा चंदगड तालुक्यातला निघाला. चोवीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला. आधी तलाठी, नाही जमलं तर पोलीस भरती, असा बेत. टेबलावर स्पर्धा परीक्षेचं गाइड 'तात्यांचा ठोकळा' आणि चालू घडामोडींचे अंक. त्याच्या गावाची एसटी कोवाडवरून जाते. कोवाड म्हणजे रणजित देसाईंचं गाव, हे त्याला ठाऊक होतं. 'स्वामी' १९६२ साली आली, १९६४ ला तिला साहित्य अकादमी मिळालं, हेही त्यानं घडाघडा सांगितलं.

'वाचलीस का कधी?'

तो गोंधळला. विचारलेलं उत्तर बरोबर देऊनही गुण कापले जावेत, तसा चेहरा झाला. 'ते सिलॅबसला नाही सर,' तो म्हणाला.

परत येताना माझ्या डोक्यात तो प्रश्नच घोळत राहिला, कारण त्यातले चारही लेखक कोल्हापूर जिल्ह्याचे. देसाई कोवाडचे, सावंत आजऱ्याचे, यादव कागलचे. खांडेकर जन्मले सांगलीला, पण शिरोड्याची शाळा सोडून १९३८ ला इथं आले आणि अखेरपर्यंत इथलेच झाले. 'मृत्युंजय' १९६७ ला बाहेर पडली तेव्हा सावंत सत्तावीस वर्षांचे होते आणि इथल्याच राजाराम हायस्कूलमध्ये शिकवत होते. म्हणजे त्या मुलाहून जेमतेम तीन वर्षांनी मोठे. ज्या गावानं मराठीला एवढ्या कादंबऱ्या दिल्या, त्या गावातली सगळ्यात जास्त वाचणारी मुलं त्या कादंबऱ्यांची नावं पाठ करतायत. मुलांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. तलाठ्याच्या एकेका जागेमागं किती अर्ज येतात हे ज्याला माहीत आहे, तो ठेवणारही नाही. मला कुतूहल होतं ते वेगळं: वाचन जर या माडीवर बसलंय, तर गोष्ट कुठं गेली?

* * *

आमच्या गावात वाचन आणि गोष्ट एका ताटात जेवायची. कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी १८५० साली निघाली. आजचं करवीर नगर वाचन मंदिर ते हेच. मुंबई विद्यापीठाच्याही आधी सात वर्षं. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड बसवला, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते १९४५ चं. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतात असा कायदा त्याआधी कुठंच नव्हता. मद्रासचा आला १९४८ ला. आणि महाराष्ट्र राज्याचा व्हायला १९६७ उजाडलं. तोवर संस्थान विलीन होऊन अठरा वर्षं लोटली होती. स्पर्धा परीक्षेला हा प्रश्न येतो का, ते त्या मुलाला विचारायला हवं होतं.

संस्थानाच्याच काळात या शहरात फडके आणि खांडेकर एकाच वेळी नांदत होते. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात प्राध्यापक. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा अख्ख्या महाराष्ट्राचा वाद आमच्याकडं चालत जाण्याच्या अंतरावर होता. आणि तेव्हाही वडीलधारी मंडळी कुरकुरतच होती: पोरं कादंबऱ्या वाचून बिघडतात. आज कादंबरी वाचत नाहीत म्हणून बिघडतात. तक्रार करणारं वय तेच, तक्रारीची वस्तू तेवढी बदललेली.

पडद्याचंही तसंच. पडद्यानं पुस्तक खाल्लं असं कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' १९२० ची. 'प्रभात'ची स्थापना १९२९ ला इथलीच. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्सचा १९३६ चा 'छाया' खांडेकरांच्या कथेवरचा. सकाळी कादंबरीचं प्रकरण आणि दुपारी पटकथेचा प्रवेश लिहिणाऱ्या माणसाचं हे गाव आहे. अखेरच्या काळात खांडेकरांची दृष्टी गेली, तेव्हा त्यांचं वाचन दुसऱ्यांच्या तोंडून, कानांनी चालायचं. कानानं वाचणं ही काही २०१७ साली स्टोरीटेल मराठीत आल्यावर लागलेली सवय नव्हे.

मी वाढलो ते भाड्याच्या पुस्तकांवर. गल्लीच्या तोंडाला एक टपरी होती, तिच्यात बिडी-काडी, गोळ्या-बिस्किटं आणि मागच्या फळीवर बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. दिवसाला चार आणे. वेळेत परत दिलं नाही तर दुसऱ्या दिवसाचे चार आणे, म्हणून आम्ही भराभर वाचायला शिकलो. शेवटची पानं बहुतेक फाटलेली असायची, मग खुनी कोण यावर पैजा लागायच्या. या पुस्तकांना साहित्य म्हणत नाहीत हे फार उशिरा कळलं. तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

* * *

गोष्ट कुठं गेली याचा पहिला माग मला करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत लागला. ओळखीच्या गुरुजींनी आठवीच्या वर्गाला काहीतरी वाचून दाखवा म्हणून बोलावलं होतं. मी शंकर पाटलांची एक कथा घेऊन गेलो. पाटील पट्टणकोडोलीचे, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदारांबरोबर त्यांचं कथाकथन गावोगाव गाजलं, त्याला दोन पिढ्या झाल्या.

पहिली पाच मिनिटं वाईट गेली. मागच्या बाकावर कंपासपेटीचा खुळखुळाट, खिडकीबाहेर ट्रॅक्टर. मग गोष्टीतल्या एका म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. त्याचं पहिलं वाक्य मी वाचलं तशी खिडकीकडची एक मुलगी फिसकन हसली आणि शेजारणीला म्हणाली, 'आमच्या आज्जागत बोलायलंय!' वर्ग फुटला. त्यानंतर अर्धा तास कुणाला उठावंसं वाटलं नाही. पुस्तकातला माणूस आपल्यासारखं बोलू शकतो, याचंच त्यांना नवल वाटत होतं. शाळेची भाषा वेगळी आणि पारावरची वेगळी, हे त्यांनी पहिलीतच धडा म्हणून घेतलेलं. छापील अक्षर 'व्हय' म्हणतं, 'कुटं चाललाईस' म्हणतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

संपल्यावर एकानं हात वर केला. 'सर, ह्ये कुठल्या चॅनलवर हाय?'

गुरुजी ओशाळले. मला मात्र तो प्रश्न फार रास्त वाटला. त्या मुलानं कोल्हापुरी बोलीतली गोष्ट आजवर एकाच ठिकाणी ऐकली होती: मोबाइलवर. आमच्याकडच्या बोलीत एका मिनिटाचे किस्से करणारी पोरं-पोरी रीलवर ढिगानं आहेत. सासू-सून, ऊस तोडायला आलेली टोळी, भरतीला पळणारा भाचा, दुधाच्या डेअरीवरचं भांडण. त्यातली काही खरोखर चांगली आहेत. कान शाबूत आहे, हेल पक्का आहे. शंकर पाटलांचा वारसा कुणाकडं आहे असं विचारलं तर मी साहित्य संमेलनाकडं बोट न दाखवता यांच्याकडं दाखवेन. माझी तक्रार एवढीच, की तिसरं माणूस गोष्टीत शिरायच्या आत रील संपतं. दोघांचं भांडण मिनिटात बसतं. त्या भांडणाकडं बघत उंबऱ्यावर बसलेली, काहीच न बोलणारी तिसरी बाई मिनिटात बसत नाही, आणि पाटलांची गोष्ट नेमकी तिच्यापाशी जाऊन थांबते.

गुरुजींनी जाता जाता सांगितलं, की त्या वर्गातल्या पाच-सहा जणांना ही कथा स्वतः वाचायला दिली तर पहिलं पानही ओलांडता येणार नाही. ऐकताना मात्र त्यांचं एक वाक्य सुटलं नव्हतं. हे त्यांच्याच वर्गाचं दुखणं नाही. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलांना आपापल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा दिला होता. त्यातल्या सुमारे पाव मुलांना तो सलग वाचता आला नाही. स्मार्टफोन वापरता न येणारी मुलं त्याहून कितीतरी कमी होती.

* * *

दुसरा माग गणपतीत लागला. कोल्हापुरात राजारामपुरीकडं तांत्रिक देखावे आणि जुन्या पेठांतून सजीव देखावे, अशी ढोबळ वाटणी लहानपणापासून बघत आलोय. सजीव देखावा म्हणजे मंडपात रचलेलं रंगपीठ, गल्लीतलीच पोरं, भाड्याचे अंगरखे आणि पंधरा-वीस मिनिटांची गोष्ट. संवाद आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले असतात. पोरं नुसते ओठ हलवतात. बघ्यांची एक रांग पुढं सरकली की पुन्हा पहिल्यापासून. एका रात्रीत पंधरा वेळा अफझलखान मरतो.

दोन वर्षांपूर्वी एका मंडळानं पन्हाळ्याचा वेढा केला होता. महाराजांचा वेश घेऊन शत्रूपुढं गेलेल्या शिवा काशीदची भूमिका करणारा मुलगा अकरावीत. रात्री साडेअकराची वेळ, रस्ता माणसांनी फुललेला, आणि ऐन सिद्दी जौहरच्या पुढ्यात ध्वनिफीत बंद पडली. स्पीकर खरखरला आणि मुका झाला. जौहर झालेला पोरगा तलवारीवर हात ठेवून तसाच उभा. गर्दीतून शिट्टी आली. दोन-तीन सेकंद शिवा काशीदही गप्प होता. मग त्यानं घसा खाकरला आणि बोलायला लागला. स्वतःच्या आवाजात, माइक नसताना, आणि अर्थातच कोल्हापुरीत. मुद्रित संवाद भरजरी होते, नाटकी होते. याच्या तोंडून तेच संवाद अर्धे विसरलेले, अर्धे नव्यानं जुळवलेले आले. राजा म्हणून मरायला मिळतंय ह्यापेक्षा काय पायजे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला तेव्हा रस्त्यावर टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. जौहरनंही मग जमेल तसं उत्तर दिलं. वायर जोडली गेली तेव्हा देखावा संपला होता.

त्याला नंतर चहाच्या गाडीवर गाठलं. मिशा अजून चिकटलेल्या होत्या. 'पाठ होतं काय सगळं?' 'पाठ कुठलं काका, पाच रात्री ऐकून ऐकून बसलं डोक्यात.' मग जरा थांबून त्यानं विचारलं, 'शिवा काशीदच्या घरात कोण कोण होतं ओ? बायको-पोरं होती काय? आमच्या स्क्रिप्टात कायच नाही.'

हा प्रश्न परीक्षेत येत नाही, रीलमध्ये बसत नाही. भूमिकेत शिरलेल्या माणसालाच पडतो. मी घरचं एक जाडजूड शिवचरित्र त्याला दिलं. आठवड्यानं ते परत आलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. 'पन्हाळ्याचं तेवढं प्रकरण वाचलं,' तो म्हणाला, 'बाकीचं लई हाय.' त्याला हवं होतं ते त्या प्रकरणात नव्हतं. असं प्रकरण मग तूच लिही, असं मी म्हणालो. त्यावर तो नुसता हसला.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या मोहिमा हा याच गोष्टीचा पायांनी वाचायचा पाठ. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला, १२ जुलै १६६० च्या रात्री पावसात महाराज निसटले, दुसऱ्या दिवशी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, लढली गेली. त्या तारखांच्या आसपास राज्यभरातून हजारो पोरं येतात आणि बाजीप्रभूंच्या पुतळ्यापासून निघून मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, पुढं पांढरपाणी करत दोन दिवसांत खिंड गाठतात. मी एकदाच गेलो. गुडघे अजून आठवण काढतात. पठारावर धुकं इतकं, की पुढच्याची पाठपिशवीच फक्त दिसते. भातखाचरांच्या बांधावरून घसरत जायचं, चिखलात बूट सोडून पाय बाहेर काढायचा. थांब्याच्या गावी एक इतिहासाचे जाणकार गृहस्थ शाळेच्या कट्ट्यावर उभे राहून हातातल्या कर्ण्यावर बोलले. पुढं दीड-दोनशे पोरं पोंचो पांघरून, गुळगुळीत झालेल्या बोटांनी बिस्किटं खात. ते म्हणाले, तुम्ही आता जिथं थकून बसलाय तिथून अजून अर्धं राहिलंय, आणि ती माणसं हे अंतर पालखी खांद्यावर घेऊन, रात्री, पळत गेली. एवढंच. माझ्या शेजारच्या पोरानं हातातलं बिस्किट खाली केलं. 'पावनखिंड' सिनेमा त्यानं तीनदा बघितला होता, त्याच्या टी-शर्टवरच तसं छापलं होतं. पालखीचं वजन मात्र त्याच्या आत्ता लक्षात आलं.

या मोहिमांत घोषणाबाजी फार असते, आणि इतिहासाच्या नावाखाली कुणीही काहीही ठोकून देतो, हेही खरं. ज्या गावात गोविंद पानसऱ्यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका लिहिली गेली आणि हातोहात खपली, तिथं ऐकलेल्या गोष्टीला उलट प्रश्न विचारायची रीत असायला हवी. ती रीत ऐकून येत नाही. त्यासाठी दोन पुस्तकं शेजारी उघडी ठेवून बसावं लागतं. माझ्या मते पुस्तकाची निकड इथं लागते, आधी नाही.

* * *

आता घरचं. माझा भाचा सहावीत, इंग्रजी माध्यमात. मागच्या दिवाळीला किल्ला करायचा म्हणून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून मावळे आणले, नदीकाठची माती आणली. आमच्या वेळी किल्ला म्हणजे विटांचा ढिगारा, वर पोतं, पोत्यावर माती आणि शिखरावर महाराज. तो रायगड की पन्हाळा हे पाट्या लावू तसं ठरायचं. याचं तसं नव्हतं. यानं ड्रोननं काढलेला पन्हाळ्याचा व्हिडिओ थांबवून थांबवून तीन दरवाजा, अंबरखाना आणि सज्जाकोठी आपापल्या जागी बसवली. युनेस्कोच्या यादीत २०२५ ला गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, हेही त्यालाच माहीत होतं. हळीव पेरून हिरवळ आणण्याची कला मात्र त्याच्या आज्जीकडून आली.

माती लिंपता लिंपता मी गोष्ट सांगत होतो. 'सोळाशे साठ सालची गोष्ट...'

'मामा, सोळाशे साठ म्हणजे?'

'म्हणजे एक, सहा, सहा, शून्य.'

'हां, सिक्स्टीन सिक्स्टी! मग असं सांग ना.'

थोड्या वेळानं 'सत्तेचाळीस' आलं तिथं पुन्हा अडलं. किल्ल्याची पाटी लिहायला बसला तेव्हा 'पन्हाळगड' लिहिताना 'न्ह'शी पाच मिनिटं झटापट. हे मूल घरात मराठीच बोलतं, भांडतं मराठीत, चिडवतं मराठीत. गोष्ट त्याला पूर्ण कळते. तिच्या अक्षरांशी आणि आकड्यांशी ओळख पाव्हण्याइतकी. राज्यात २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण सक्तीच्या विषयाचं पुस्तक कुणी उशाशी घेऊन झोपत नाही. त्याच्या उशाशी जपानी मांगाचा इंग्रजी खंड असतो. त्यातला नायकही अन्याय झालेला, अंगी जन्मजात ताकद असलेला, चुकीच्या बाजूला मैत्रीपायी अडकलेला. मी त्याला कर्ण सांगायला सुरुवात केली तेव्हा तो मध्येच म्हणाला, 'हे मला माहितीय, फक्त नाव वेगळं आहे.' सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाची गोष्ट कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा तोंडांनी सांगितलीय, हे ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले: 'सहा जणांचा पीओव्ही? मग वाचून दाखव.' रोज रात्री चार-पाच पानं चाललीयत. कधी तो झोपतो, कधी मी.

जपानचा विषय निघालाच आहे तर. तिथल्या एका शाळेत १९८८ साली सकाळी दहा मिनिटं वाचनाची सुरू झाली आणि पुढं हजारो शाळांत पसरली. नियम साधे: सगळ्यांनी वाचायचं, रोज वाचायचं, आपल्या आवडीचं वाचायचं, आणि नुसतं वाचायचं. सगळ्यांनी म्हणजे शिक्षकांनीसुद्धा. नुसतं म्हणजे त्यावर सारांश नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, गुण नाहीत. आमच्याकडं १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. हेतू चांगला आहे. पण त्या दिवशी मुलं ओळीत पुस्तकं उघडून बसतात, फोटो निघतात, फोटो वर पाठवले जातात आणि पुस्तकं पुन्हा कपाटात जाऊन किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. एका शाळेत मी विचारलं, मुलांना घरी का देत नाही? उत्तर मिळालं, फाटतात. आमच्या टपरीवरच्या अर्नाळकरांची आठवण झाली.

असं नाही की या गावाला वेगळी वाट माहीत नव्हती. लीलाताई पाटलांनी १९८५ साली इथं सृजन आनंद विद्यालय काढलं. फडक्यांच्या या लेकीनं नंबर आणि बक्षिसांची शर्यत बाजूला ठेवून मुलांच्या अनुभवातून, त्यांच्या स्वतःच्या बोलण्या-लिहिण्यातून शिकवायचा धरलेला आग्रह २०२० मध्ये त्या गेल्या तोवर सोडला नाही. तिकडं 'चिल्लर पार्टी'वाले कितीतरी वर्षं मुलांना जगभरचे बालचित्रपट फुकट दाखवतायत. झोपडपट्टीतली आणि बंगल्यातली पोरं एका रांगेत बसून इराणी सिनेमा बघतात, आणि बाहेर पडताना शेवट असाच का केला यावर तावातावानं बोलतात. मोठ्यांच्या फिल्म सोसायटीतही अलीकडं एवढं भांडण ऐकलेलं नाही. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा रस्त्यावर उभं राहून रडणाऱ्यांत तिथल्या बालनाट्यांतून पहिल्यांदा तोंडाला रंग लावलेली कॉलेजची पोरं होती. नव्या कथा-कादंबरीकारांचंही दुर्भिक्ष नाही: किरण गुरव, कृष्णात खोत, दोघांनाही गेल्या काही वर्षांत साहित्य अकादमी मिळालं. लवकरच तेही जोड्या लावण्यात येतील.

* * *

पावसाळा संपता संपता पुन्हा त्या वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी 'स्वामी'ची जुनी प्रत काढून दिली. बांधणी दोनदा केलेली, कडा मधासारख्या पिवळ्या. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी. अशा चिठ्ठ्या वाचायची मला खोड आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रवींद्र मंकणींची 'स्वामी' मालिका लागली, त्या सुमाराला शिक्क्यावर शिक्का. दोन ठिकाणी तर जागा नाही म्हणून आडवा मारलेला. पुढं महिन्याला एक, मग वर्षाला एक. शेवटचा शिक्का २०१६ चा. त्याखाली चिठ्ठी निम्मी कोरी.

माझ्या नावावर ती घेतली आणि वर नेऊन त्या मुलाच्या टेबलावर ठेवली. तो आता 'ठोकळ्या'ची दुसरी फेरी करत होता. 'परीक्षेनंतर बघतो सर,' असं म्हणाला, आणि ते योग्यच होतं.

तीन आठवड्यांनी बाईंचा निरोप आला, पुस्तकाची मुदत संपली. गेलो. मुलगा गच्चीत टाकीच्या सावलीला डबा खात बसला होता, पुस्तक मांडीवर, आत खुणेला एसटीचं तिकीट. चाळीसएक पानं झाली असावीत. भरतीची जाहिरात पुढं ढकललीय, म्हणून जेवताना तेवढं वाचतो, असं त्यानं आपणहून सांगितलं. चूक पकडली गेल्यासारखं. मी शेजारी टेकलो आणि बोलता बोलता माधवराव पेशवे थेऊरला गेले तिथवर विषय आणला. १८ नोव्हेंबर १७७२, ही त्यांच्या मृत्यूची तारीख त्याला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती.

त्यानं भाकरीचा हात मध्येच वर केला. 'पुढचं सांगू नगासा सर,' तो म्हणाला. 'मी अजून तिथं पोचलो नाही.'